स्नानानंतर येणारा अहवाल कुणाच्या कामाचा? गोदावरीचं पाणी घाटावरच, त्याच तासाला मोजा

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. अध्यक्ष, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, नाशिक

विषय : सिंहस्थापूर्वी गोदावरीच्या पाण्यासाठी जैवसंवेदक यंत्रणा उभारण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

२०२७च्या अमृतस्नानांसाठी शहरात रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण केंद्रं अशी मोठी कामं निघाली आहेत. त्या सगळ्यांपुढे माझी मागणी लहान वाटेल. रामकुंडात उतरणाऱ्या माणसाला, तो पाण्यात उतरण्याआधी, या घटकेला हे पाणी कसं आहे ते कळलं पाहिजे. आजच्या तपासणीच्या पद्धतीत ते कळणं शक्यच नाही, मग तपासणी कितीही प्रामाणिकपणे झालेली असो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे अडचण नेमकी कुठे आहे ते सांगू शकतो.

पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का, हे पाहण्याची रुळलेली पद्धत म्हणजे एमपीएन (‘मोस्ट प्रोबेबल नंबर’, जंतूंच्या संख्येचा अंदाज). जांभळट रंगाच्या मॅकॉन्की माध्यमाच्या नळ्या रॅकमध्ये ओळीने लावायच्या. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी सोडलेली असते. त्यांत पाण्याचा नमुना ठरलेल्या मापांनी टाकायचा आणि रॅक उबवणी कपाटात ठेवायचा. जंतू असतील तर माध्यम पिवळं पडतं आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकतो. हे दिसायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जातात. दिसलं की त्या नळ्यांतलं थोडं दुसऱ्या माध्यमात घालून ४४.५ अंशांवर पुन्हा एक दिवस ठेवायचं, म्हणजे ते विष्ठेतलेच जंतू असल्याची खात्री होते. बीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मैला खाताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते माप, काढायची तर आपल्याकडच्या मानकानुसार बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. म्हणजे सोमवारी पहाटे घेतलेल्या नमुन्याचं उत्तर गुरुवारी हाती येतं. त्या पहाटे ओंजळभर तीर्थ प्यायलेली परभणीची आजी तोवर घरी पोचलेली असते.

ही पद्धत चुकीची नाही. न्यायालयात टिकणारा पुरावा म्हणून तीच लागेल, ती बंद करा असं मी म्हणत नाही. ती भूतकाळ सांगते, एवढंच. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष स्पष्ट आहेत. बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे वर सांगितलेले विष्ठेतले जंतू, १०० मिलिलिटरमध्ये ५०० असावेत, जास्तीत जास्त २५००. यातला प्राणवायू साध्या यंत्राने लगेच कळतो. बाकीचे दोन कळेपर्यंत नदीतून नवं पाणी आलेलं असतं आणि घाटावर नवी माणसं.

प्रयागराजला काय झालं ते आपल्यासमोर आहे. महाकुंभ चालू असताना, फेब्रुवारी २०२५मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. जानेवारीत घेतलेल्या नमुन्यांत कोलिफॉर्मचं प्रमाण स्नानाच्या निकषापेक्षा जास्त होतं. त्यावर वाद झाले, खुलासे झाले. कोण बरोबर होतं या वादात मला पडायचं नाही. अहवाल आला तेव्हा त्या दिवशीचे यात्रेकरू केव्हाच घरी गेले होते, हे मात्र कुणालाच नाकारता येणार नाही. उलट बाजूचं उदाहरण पॅरिसचं. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीतली पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती. पाण्याची गुणवत्ता ठीक नाही म्हणून ती एक दिवस पुढे ढकलली. आपल्याकडे पर्वणीचा मुहूर्त पुढे ढकलता येत नाही, हे मी जाणतो. पण घाट बदलता येतो, गंगापूर धरणातून पाणी सोडता येतं, तुंबलेला पंप चालू करता येतो, आणि ‘आज स्नान करा, पण तीर्थ म्हणून पिऊ नका’ असं ध्वनिक्षेपकावरून सांगता येतं. यातलं काहीही करायचं तर आधी कळायला हवं.

त्यासाठी लागणारं तंत्र म्हणजे जैवसंवेदक, आणि ते जगात नवं राहिलेलं नाही. त्याचा पाया १९६२मध्ये अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क यांनी घातला. पाण्यातला किंवा रक्तातला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड त्यांनी आधीच बनवला होता. त्याच्या टोकावर त्यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) थर बसवला. विकर साखरेवर काम करतं तेव्हा प्राणवायू खर्च होतो, आणि प्राणवायू किती घटला यावरून साखर किती ते कळतं. मधुमेह असलेल्या घरात सकाळी बोट टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतात, ती पट्टी याच घराण्यातली आहे. जिवंत किंवा जीवातून घेतलेली एखादी वस्तू ओळखण्याचं काम करते आणि तिला चिकटवलेला विद्युत किंवा प्रकाशीय भाग त्या ओळखीचा आकडा करतो. सगळ्या जैवसंवेदकांची रचना एवढीच असते. साखरेसाठी आपण हे यंत्र कपाटात ठेवतो, नदीसाठी अजून ठेवलेलं नाही.

बीओडीसाठी हेच काम १९७७मध्ये जपानमध्ये इसाओ करुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. प्राणवायूच्या इलेक्ट्रोडवर विकराऐवजी त्यांनी जिवंत सूक्ष्मजीवच पातळ पडद्यांत अडकवून बसवले. सांडपाण्यातला सेंद्रिय मैला त्या जीवांना मिळाला की ते जोरात श्वसन करतात, पडद्यापाशी प्राणवायू घटतो आणि इलेक्ट्रोडमधला विद्युतप्रवाह खाली येतो. जिथे तीन ते पाच दिवस जात होते तिथे अर्ध्या तासाच्या आत अंदाज मिळू लागला. पुढे जपानने या पद्धतीचं राष्ट्रीय मानक केलं. हा अंदाज बाटलीतल्या बीओडीशी तंतोतंत जुळत नाही, कारण ठरावीक जातीच्या जीवाला सगळंच पचत नाही. शिवाय नदीतल्या तीन-चार मिलिग्रॅमच्या पातळीवर तो फारसा नेमका नसतो. म्हणून रामकुंडात बीओडीचा जैवसंवेदक बसवा असं मी म्हणणार नाही. तो नाल्यांच्या तोंडाशी आणि मलनिस्सारण केंद्रांच्या बाहेरच्या पाण्यावर बसवा. तपोवन आणि आगरटाकळीची केंद्रं बीओडीच्या ३० मिलिग्रॅमच्या जुन्या निकषासाठी बांधली गेली होती. आता ती १०च्या निकषासाठी सुधारायची आहेत. ती सुधारणा रात्री दोन वाजताही टिकते का, हे तीन दिवसांनी येणारी बाटली सांगू शकत नाही.

आता विषारी पाण्याबद्दल. या जिल्ह्याने २०१०मध्ये एक फार महागडा धडा घेतला आहे. त्या वर्षी युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर तिकडेच अडकले. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना त्या हंगामाची आठवण करून द्यावी लागत नाही. माल तपासल्याशिवाय गेला नव्हता. तपासायच्या रसायनांची यादी होती, आणि त्या यादीत हे नाव नव्हतं. नंतर ते घातलं गेलं. रासायनिक तपासणीची मर्यादा ती हीच. तिला ज्याबद्दल विचारलं, तेवढंच ती सांगते.

जिवंत प्राण्याला यादी लागत नाही. पाण्यात शिसं आहे, सायनाइड आहे की कुणी टँकरमधून रात्री ओतलेलं भलतंच काही, हे त्याला नावाने ओळखता येत नाही. त्याला त्रास होतो आणि तो त्रास मोजता येतो. समुद्रात एक प्रकाशमान जीवाणू असतो, अलिव्हिब्रिओ फिशेरी. तो गोठवून वाळवलेल्या स्वरूपात कुपीत मिळतो. त्यात पाणी घातलं की तो जागा होतो, आणि खोलीत पुरता अंधार केला तर कुपीच्या तळाशी निळसर हिरवा उजेड दिसतो. विद्यार्थी पहिल्यांदा पाहतात तेव्हा सगळी प्रयोगशाळा गप्प होते. तो समुद्री असल्याने नमुन्यात आधी दोन टक्के मीठ घालावं लागतं आणि तापमान १५ अंशांवर ठेवावं लागतं. मग नमुना मिसळून पाच, पंधरा आणि तीस मिनिटांनी उजेड मोजायचा. पाणी विषारी असेल तर जीवाणूचं श्वसन बिघडतं आणि उजेड मंदावतो. किती मंदावला तेवढी विषारीपणाची तीव्रता. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११३४८. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी नंदिनी नदी टाकळीच्या संगमावर गोदावरीला मिळते, आणि सिंहस्थात त्याच संगमाच्या घाटावर भाविक उतरतात. नंदिनीच्या पाण्यावर ही तपासणी मेळ्याच्या काळात रोज सकाळ-संध्याकाळ व्हायला हवी. त्यासाठी एक खोली, एक प्रकाशमापी आणि एम.एस्सी. झालेली दोन मुलं पुरतात.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तर आणखी साधा मार्ग आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे नदीचं पाणी शहरासाठी उचलतात त्या केंद्रावर आठ शिंपले पहारा देतात. शिंपला स्वच्छ पाण्यात कवच किंचित उघडं ठेवून पाणी गाळत बसतो. पाणी बिघडलं की मिटून घेतो. एका कवचावर लहानसं चुंबक आणि समोर संवेदक बसवला की कवच किती उघडं आहे ते संगणकावर सतत उमटत राहतं. एखादा शिंपला मिटला तर त्याची लहर असू शकते, पण बरेचसे एकाच वेळी मिटले तर धोक्याचा इशारा. ठरावीक काळ काम झालं की त्या शिंपल्यांना पुन्हा पाण्यात सोडून देतात. सिंगापूरचं जलमंडळ कॅमेऱ्यांखाली माशांच्या हालचाली पाहतं. ऱ्हाईन नदीवर १ नोव्हेंबर १९८६ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रासायनिक गोदामाला आग लागली, आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली आणि लाखो मासे मेले. त्यानंतर त्या नदीकाठच्या मापन केंद्रांवर डॅफ्निया नावाच्या पाणपिसवांच्या पोहण्यावर यंत्रं नजर ठेवू लागली.

आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही लॅमेलिडेन्स जातीचे गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. गंगापूर धरणातून शहरासाठी पाणी उचलतो तिथे असा पहारा बसवायला काही परदेशातून आणावं लागणार नाही. चुंबक आणि ते किती जवळ आहे हे ओळखणारा हॉल संवेदक बाजारात सहज मिळतात. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं दरवर्षी पाणी मोजायचे ‘प्रोजेक्ट’ करतात आणि परीक्षेनंतर ते कपाटात जातात. त्यांना हे काम द्या. कष्टाचा भाग वेगळा आहे. आपल्या शिंपल्याचं नेहमीचं वागणं काय, तो रात्री किती उघडतो, उन्हाळ्यात पाणी तापलं की काय करतो, गढूळ पाण्यात किती वेळ मिटून बसतो, हे महिनोन्महिने नोंदवावं लागेल. त्या नोंदींशिवाय त्याचं मिटणं म्हणजे इशारा की सवय, ते ठरवता येणार नाही.

आता मूळ प्रश्न, रामकुंडाचा. तिथे सर्वांत महत्त्वाचे आहेत विष्ठेतले जंतू. ई. कोलाय या जीवाणूकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर असतं, आणि ते इतर बहुतेक जीवाणूंकडे नसतं. या विकराला एक खास पदार्थ खायला दिला की तो तुटून अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवून हे केलं तर अठरा ते चोवीस तास लागतात. जीवाणू न वाढवता, पाण्यात जेवढं विकर आहे त्याचाच वेग मोजणारी स्वयंचलित यंत्रं आता आहेत, आणि ती तासाभरात उत्तर देतात. रामकुंडाच्या वरच्या अंगाला, आनंदवलीकडून पाणी येतं त्या बाजूला एक, कुंडाजवळ एक, आणि खाली टाकळी किंवा दसकच्या घाटावर एक अशी यंत्रं बसवली, तर पर्वणीच्या पहाटे दर तासाला आकडा मिळेल. वरच्या यंत्राचा आकडा चढू लागला तर ते पाणी खाली कुंडात पोचायच्या आत हालचाल करायला वेळ मिळेल.

यात अडचणी आहेत आणि त्या आत्ताच सांगायला हव्यात, नाहीतर खरेदी होईल, फीत कापली जाईल आणि यंत्र बंद पडेल. पहिली अडचण पावसाळ्याची. आपली स्नानं ऐन पावसाळ्यात येतात. तेव्हा गोदेचं पाणी मातकट, तांबूस असतं. उजेड मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राला गाळ आंधळं करतो. गाळणी लावली तर गाळाला चिकटलेले जंतूही गाळले जातात आणि आकडा खोटा कमी येतो. दुसरी अडचण क्लोरीनची. मेळ्यात पाण्यात जंतुनाशक टाकलं जाईल, आणि क्लोरीन संवेदकावरच्या जीवालाही मारतं. नमुना आत घेताना सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन निकामी केलं नाही, तर जीवाणूचा उजेड क्लोरीननेच विझेल आणि नदीत विष आलं म्हणून उगाच धावपळ होईल. तिसरी अडचण म्हणजे विकराचा आकडा आणि एमपीएनचा आकडा एकच नसतो. जे जीवाणू अर्धमेले आहेत, माध्यमात वाढत नाहीत, त्यांचंही विकर यंत्राला दिसतं. म्हणून दोन्ही पद्धती एकाच पाण्यावर, एकाच वेळी, बरेच महिने चालवून आपल्या नदीपुरतं कोष्टक बांधावं लागतं. पॅरिसचं किंवा व्हिएन्नाचं कोष्टक गोदावरीला लागू पडणार नाही.

यासाठी स्नानांच्या आधीचा एक पूर्ण पावसाळा हाताशी हवा. माझी सर्वांत कळकळीची विनंती हीच आहे. पर्वणीच्या पंधरा दिवस आधी यंत्र येऊन काहीच उपयोग नाही. निविदेत यंत्रासोबत रसायनांचा पुरवठा, पडदे आणि जीवाणू बदलण्याचं वेळापत्रक, आणि वीज गेली तर काय, हेही लिहा. शहरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथले विभाग एमपीएनची बाजू सांभाळतील आणि मंडळाची प्रयोगशाळा तिची पडताळणी करेल.

आता आकडा मिळाल्यावर तो कुठे जाणार, याबद्दल. या शहरात पुराचं माप संकेतस्थळावर शोधावं लागत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हे सराफ बाजारातल्या दुकानदारापासून भांडीबाजारातल्या हमालापर्यंत सगळ्यांना कळतं, आणि त्यावरून माल कधी वर हलवायचा ते ठरतं. त्या मापावर लोकांचा विश्वास आहे, कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि ते कुणाला झाकता येत नाही. पाण्याच्या शुद्धतेचं माप असंच उघड्यावर हवं. रामकुंडावर, टाकळीला, दसकला, मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, वेळेसह. ‘पहाटे ४ : स्नानास योग्य.’ ‘पहाटे ५ : स्नान करावे, पाणी पिऊ नये.’ ज्या तासाला यंत्र बंद असेल त्या तासाला ‘यंत्र बंद’ असंच लिहा. जुना आकडा तसाच ठेवू नका.

वाईट आकडा फलकावर लावायला अधिकारी कचरतील, हे मी समजू शकतो. नदीची बदनामी होईल, मेळ्याची होईल, अशी भीती असते. पण गोदावरीला गंगा म्हणणारा माणूस एका आकड्याने तिच्यापासून दूर जात नाही. तो आकडा वाचून बाटली भरायची थांबेल, लहान मुलाच्या तोंडात पाणी जाऊ देणार नाही, आणि उद्या परत येईल. आपल्यापासून लपवलं गेलं हे मात्र तो विसरत नाही.

एक गोष्ट मेळ्याच्या कागदांत सहसा येत नाही, ती इथे नमूद करतो. शहराचं पाणी रामकुंडावर थांबत नाही. ते चांदोरी-सायखेड्याला जातं, तिथल्या पुलाला अडलेल्या पाणवेलींमधून वाट काढतं आणि नांदूरमधमेश्वरच्या जलाशयात पोचतं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेच, २०२०मध्ये घोषित झालेलं. स्नानं आटोपली, साधुग्राम उठलं, की यंत्रं गुंडाळून गोदामात टाकू नका. मेळ्याच्या पैशातून आलेला एक तरी संवेदक कायमचा सायखेड्याच्या वर राहू द्या, म्हणजे खालच्या गावांना आपल्याकडे काय येतंय ते कळेल. गोदावरीच्या प्रदूषणाची याचिका २०१२पासून उच्च न्यायालयात चालली, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने उपाय सुचवले, आदेश निघाले. त्या आदेशांचं पालन दर तासाला दिसेल असं साधन त्या गावांच्या हाती अजून नाही.

आपणांकडून मला तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे. घाटांवर तासाभरात उत्तर देणारी जंतूंची तपासणी सुरू करण्याचा निर्णय कोणत्या महिन्यात होईल? पहिल्या अमृतस्नानाआधीच्या पावसाळ्यात दोन्ही पद्धतींची शेजारी-शेजारी चाचणी कोण करेल? आणि पर्वणीच्या पहाटे आकडा निकषाबाहेर गेला, तर घाट बदलण्याचा किंवा ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याचा अधिकार नेमक्या कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे असेल? पहाटे चार वाजता फाईल वर पाठवायला वेळ नसतो, म्हणून या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरलेलं हवं.

चाचणीच्या कामासाठी मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामोबदला यायला तयार आहोत. त्यांतले काही वायनरीच्या प्रयोगशाळांत आहेत, काही रुग्णालयांत. नळ्या भरण्यापासून फलक लिहिण्यापर्यंत जे काम द्याल ते करू. बैठकीची तारीख कळवावी.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
पंचवटी, नाशिक